परवा परत यायचं हाय

काल लिफ्ट बंद होती आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तू कठडा धरून थांबलीस. पिशवीत डझनभर आंबे, एवढंच ओझं. वर आल्यावर घटाघटा पाणी प्यायलीस आणि हळूच विचारलंस, "आत्या, मी पळायला लागले तर जमेल का गं? एकोणचाळीस पूर्ण झाली मला." घरात पाहुणे होते, म्हणून मी नुसतं "जमेल" म्हणाले आणि चहा टाकायला गेले. आज निवांत लिहिते आहे. हे येता-जाता सांगायचं काम नाही, आणि यातलं बरंचसं माझंही नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्या एका आजोबांनी ते मला दिलं. ते आता नाहीत. त्यांचं सांगणं माझ्यापाशीच संपू नये, असं मला फार वाटतं.

मी सुरू केलं ते २००६ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी. दिवसभर बँकेत खुर्चीवर आणि घरी आल्यावर ओट्यापाशी, असं सगळं आयुष्य गेलेलं. रक्तातली साखर काठावर आली होती, डॉक्टर म्हणाले चाला. माझ्या मनात मात्र पळणं होतं. दोन वर्षांपूर्वी, २००४च्या फेब्रुवारीत, मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली तेव्हा मी प्रभादेवीला रस्त्याच्या कडेला उभी होते. पळणाऱ्यांत माझ्या वयाच्या, माझ्याच अंगाच्या बायका पाहिल्या आणि ते दृश्य काही केल्या डोक्यातून जाईना.

बूट आणले आणि पहिल्याच दिवशी पार्कची अख्खी फेरी पळून काढली. कट्ट्याभोवतीची ही फेरी साधारण ११७० मीटरची. घशाशी रक्ताची चव आली, कानात ठोके ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. पंधरा दिवसांत दम कमी लागायला लागला, तशी मी फेऱ्या वाढवत गेले. पाचव्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला बोटभर जागा अशी दुखू लागली की रात्री पांघरूण टेकलेलंही सोसेना. हाडाला सूज आली होती. सहा आठवडे पळणं बंद.

पहाटे उठायची सवय लागली होती, म्हणून त्या सहा आठवड्यांत मी कट्ट्यावर नुसती जाऊन बसायची. तिथे आजोबा भेटले. पाटणकडचे, गिरणीत होते. १९८२च्या संपात गिरणी सुटली ती कायमचीच. पुढे रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम केलं, आणि पहाटे पाळी सुटली की पार्कात पाच-सहा फेऱ्या पळून मग घरी. मी भेटले तेव्हा सत्तरी ओलांडली होती. माझा पाय बघून ते एवढंच म्हणाले, "ताई, मानसाला दम लागला की मानूस थांबतो. हाडालाबी दम लागतो, पर हाड बोलत न्हाई."

सगळ्या कानमंत्रांच्या मुळाशी हे एकच आहे, म्हणून आधी नीट समजून घे. नव्याने पळायला लागलं की हृदय, फुप्फुसं, स्नायू ही मंडळी लवकर तयार होतात. तीन-चार आठवड्यांत तुला जाणवेल की जिना चढताना थांबावं लागत नाही. पण स्नायू हाडाला बांधून ठेवणारे कंडरे आणि खुद्द हाड यांचा कारभार सावकाश चालतो. कंडऱ्यांना रक्तपुरवठा कमी. हाडाचं तर असं की ताण पडल्यावर जुना भाग आधी झिजवला जातो आणि मग त्या जागी नवा भरला जातो, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट कच्चं असतं. त्यांना महिने लागतात. म्हणून चौथा-पाचवा आठवडा सगळ्यांत फसवा. छाती म्हणते अजून एक फेरी होईल, आणि होतेही, पण तिचा हिशेब नडगी आणि टाच पुढच्या आठवड्यात मागतात. मी पाहिलेले निम्म्याहून अधिक नवे लोक इथेच गळाले. ते आळशी नव्हते, उलट फार उत्साही होते.

आजोबा कुणालाही "आज किती पळलात?" असं विचारत नसत. विचारायचे, "परवा येनार न्हवं?" स्वतःची शेवटची फेरी संपताना अंगात अजून एका फेरीचं बळ शिल्लक असायचं, तरी ते फाटकापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "परवा परत यायचं हाय." तुझ्या प्रत्येक पळण्याचं माप हेच असू दे. घरी आल्यावर परवा जावंसं वाटतंय का? वाटत असेल तर आजचं बरोबर झालं. परवाचा विचार नकोसा वाटत असेल तर आज जास्त झालं, मग घड्याळ काहीही सांगो.

आता सुरुवात. आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये. तुझ्या बाबांना रक्तदाब आहे, आजीला साखर होती, तेव्हा रक्तदाब, साखर आणि गरज वाटली तर हृदयाचा आलेख, एवढं बघून घे. बरोबर हिमोग्लोबिनही तपास. आपल्याकडच्या बायकांना जिन्यात दम लागतो त्याचं कारण पुष्कळदा फुप्फुसात नसून रक्तात असतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ती पंडुरोगात धरली जाते, आणि अशा रक्तावर पळणं म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी ढकलणं. माझ्याबरोबर पळणाऱ्या एकीने सहा महिने स्वतःला दोष दिला, "माझ्यात जिद्दच नाही" म्हणायची. तपासलं तर साडेआठ. गोळ्या घेतल्या, खाणं सुधारलं, आणि चार महिन्यांनी तीच आमच्या पुढे असायची.

पहिले तीन आठवडे पळायचंच नाही. अर्धा तास झपाझप चाल, आठवड्यातून चार-पाच दिवस. हे सांगितलं की सगळ्यांचे चेहरे पडतात, तुझाही पडेल. पण पंधरा वर्षं खुर्चीत बसलेल्या पायांना आधी पाय असल्याची आठवण करून द्यावी लागते. शिवाय आता मे चालू आहे. या उकाड्यात चालणंच पुरे. तीन आठवडे होईपर्यंत जून लागेल, हवा जरा उतरेल आणि तू तयार असशील.

मग झाडं मोजायला लाग. पार्काच्या कडेने ते थोरले पर्जन्यवृक्ष आहेत ना, आजोबांचं गणित त्यांच्यावर होतं. दोन झाडं चालायची, एक झाड पळायचं. आठवडाभर एवढंच, वीस मिनिटं. पुढे एक झाड चाल, एक पळ. मग एक चाल, दोन पळ. ज्या आठवड्यात जड जाईल तो आठवडा तसाच पुन्हा करायचा, त्यात नापास होणं वगैरे काही नसतं. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने, आपल्या आईसारख्या न पळणाऱ्यांना पळतं करावं म्हणून, नऊ आठवड्यांचा असाच क्रम आखला होता. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालून घ्यायचं, मग साठ सेकंद पळायचं आणि नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास. जगभर लाखो माणसं त्यावर पळायला शिकली. गिरणीतून सुटलेला माणूस झाडं मोजून त्याच उत्तरावर पोचला होता, याचं मला अजून नवल वाटतं. तुला फोनवर घड्याळ लावायचं असेल तर तो क्रम घे, नको असेल तर झाडं आहेतच. नऊच आठवडे लागतील असं धरू नकोस. मला सोळा लागले.

मधे चालणं म्हणजे हार, हे मनातून काढून टाक. जेफ गॅलोवे नावाचे अमेरिकन धावपटू १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावले होते. त्यांनी नवख्यांना शिकवताना पळणं-चालणं-पळणं हीच रीत धरली, आणि त्या रीतीने लोक पूर्ण मॅरेथॉन पळतात. फक्त एक लक्षात ठेव. दम संपल्यावर चालू नकोस, दम शिल्लक असताना चालायला लाग. झाड आलं की थांबायचं म्हणजे थांबायचं, बरं वाटत असलं तरीही.

वेग किती असावा, हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आजोबांनी मला पळताना पाढा म्हणायला लावला होता. बाराचा. मोठ्याने. बारा एके बारापासून बारा दाहे वीसाशेपर्यंत, दोन-तीन आकड्यांमागे एक श्वास घेत म्हणता आला तर वेग ठीक. बारा चोकला आवाज तुटला तर वेग जास्त. मला लाज वाटायची, तेव्हा ते स्वतः माझ्या शेजारून पळत, म्हणत जायचे. दोन दिवसांनी मला कळलं की मी ज्याला पळणं समजत होते त्याच्या निम्म्या वेगाने मला जायला हवं होतं. एखादा भराभर चालणारा माणूस शेजारून पुढे निघून जाईल इतकं हळू. जाऊ दे त्याला. दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतायत ना, मग ते पळणंच आहे. पहिलं वर्षभर तू याहून जोरात पळायची गरज नाही. नाकाने श्वास घे की तोंडाने, याची फार चर्चा करतात लोक. तू दोन्हींनी घे. पाढा म्हणता येतोय ना, बास.

नवख्या माणसाला वाटतं, रोज केलं की लवकर होईल. तू एक दिवस आड पळ. मंगळ, गुरू, शनी असे तीन वार धर. मधल्या दिवशी चाल, किंवा घरी दहा मिनिटं पायांचं काम कर. जिन्याच्या पायरीवर नुसते चवडे टेकवून कठडा धर, टाचा वर उचल आणि मग पायरीच्या खाली जाईपर्यंत सावकाश सोड. पंधरा वेळा, दोनदा. याने पोटरी आणि टाचेमागचा कंडरा भक्कम होतो. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पंधरा वेळा. एका पायावर उभं राहून दात घास, सकाळी डावा, रात्री उजवा. पार्कातच समर्थ व्यायाम मंदिर आहे, १९२५ पासूनचं. तिथली मल्लखांबावरची पोरं बघ कधीतरी. पोरं आधी किती दिवस नुसती अंगाची तयारी करतात ते तुझ्या लक्षात येईल.

आता जे मला शब्दांत सांगायला कठीण आहे ते सांगते. आजोबा कधी कधी कट्ट्यावर डोळे मिटून बसायचे आणि मागून जाणाऱ्यांच्या नुसत्या पावलांवरून सांगायचे, हा दमलाय, हिचा उजवा पाय दुखतोय, हा उगाच लांब ढांगा टाकतोय. मी डोळे उघडून पाहायची, तर खरोखर तसंच असायचं. मलाही त्यांनी ऐकायला शिकवलं. धप्, धप् असा जड आवाज येत असेल तर पाऊल अंगाच्या फार पुढे पडतंय, गुडघा ताठ आहे आणि सगळा भार टाचेवर आदळतोय. ढांग लहान कर, पावलं भरभर टाक, पाऊल अंगाच्या खाली पडू दे. आवाज आपोआप मऊ होतो. २०१४ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये ललिता बाबर भारतीय महिलांत ओळीने तिसऱ्यांदा पहिली आली, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला मुद्दाम डोळे मिटून उभी राहिले होते. माणदेशातल्या मोहीची ही मुलगी माझ्यापासून चार हातांवरून गेली आणि डांबरावर नुसती सुपात धान्य पाखडल्यासारखी सळसळ झाली. तसं पाऊल तुझं-माझं होणार नाही. पण कानात गाणी घालून पळू नकोस. निदान पहिले सहा महिने तरी स्वतःचे पाय ऐक. रस्त्यावरून पळताना तर गाणी नकोतच.

खांदे कानांपाशी चढतात, ते मधून मधून खाली सोड. मूठ आवळू नकोस. पहाटे पूजेसाठी प्राजक्ताची फुलं वेचून मुठीत आणतो ना आपण, चुरगळू नयेत म्हणून जितकी सैल धरतो, तितकी सैल. हात पोटासमोर आडवे घुसळण्यापेक्षा पुढे-मागे जाऊ देत. बाकी पळण्याच्या ढबीत फार डोकं घालू नकोस.

बूट संध्याकाळी घे. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं, पळतानाही फुगतं. जे मोजे घालून पळणार तेच घालून जा. अंगठ्यापुढे अंगठाभर जागा हवी, टाच मात्र निसटता कामा नये. दुकानात घालून थोडं पळून बघ. जो पहिल्या क्षणाला बरा वाटतो तो बूट चांगला. महाग असतो तोच बरा असं मुळीच नाही. घरातल्या कुणाचे जुने वापरू नकोस, ते त्याच्या पायाला बसलेले असतात. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की आतली गादी मरते, वरून कितीही नवे दिसोत. नखं कापून जा. सुती मोजे घाम धरतात आणि फोड आणतात, म्हणून घाम न धरणारे घे. मांड्या घासतात, काखेत लागतं, तिथे निघण्याआधी व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळ.

आणि पोरी, बायकांच्या पळण्यात एक गोष्ट कुणी मोठ्याने सांगत नाही, ती मी सांगते. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा बुटांच्याही आधी घे. कितीतरी जणी "मला दम लागतो" म्हणून सोडतात, आणि खरं कारण हे असतं की छाती दुखते, संकोच वाटतो, म्हणून त्या वाकून, खांदे आत घेऊन पळतात. असं पळून दम लागणारच. कपडे तुला सोईचे वाटतील ते घाल. मी पहिलं वर्ष सलवार-कमीजवर, ओढणी कमरेला बांधून पळले. लोक बघतात ते पहिले दोन-तीन आठवडे, मग तू पार्काचा भाग होऊन जातेस आणि ज्यांची नजर खुपत होती तेच एके दिवशी विचारतात, "दोन दिवस दिसला नाहीत?" पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर पळ, नसेल तर विनासंकोच घरी थांब. अंधारात निघालीस तर घरी सांगून निघ, फोन जवळ ठेव, आणि जिथे माणसांची वर्दळ आहे तिथेच पळ.

खाण्याचं थोडक्यात. पहाटे निघताना अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि थोडं पाणी. पोहे-चहा पोटात घालून पळालीस तर बरगडीखाली कळ येईल. ती आलीच तर घाबरू नकोस. चालायला लाग, दुखतं तिथे बोटांनी दाब आणि ओठांतून लांब उच्छ्वास सोड. दोन मिनिटांत जाते. वजनासाठी मात्र पळू नकोस. हे मी पोटतिडकीने सांगते आहे, कारण काटा बघत पळणारी माणसं तीन महिन्यांत निराश होतात. ठोकताळा असा की एका किलोमीटरला आपल्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी जळतात. तुझं वजन सत्तर धरलं तर पाच किलोमीटरला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे जवळपास एक वडापाव. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. पळण्याने झोप सुधारते, साखर ताळ्यावर येते, पाठ सरळ होते, चिडचिड कमी होते. हे काट्यावर दिसत नाही, घरच्यांना आधी दिसतं.

मुंबईची हवा वेगळी आहे, तिचं ऐकावं लागतं. पुण्या-नाशकाहून येणाऱ्यांनाही इथे दम लागतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तोच वेग ठेवला तरी एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात छाती जानेवारीपेक्षा जास्त धडधडणार. तेव्हा हळू हो, पाढा काय सांगतो ते बघ. सूर्य वर यायच्या आत घरी ये. आल्यावर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी घे. पळता पळता शहारे आले, डोकं हलकं झालं, घाम थांबला, तर लगेच सावलीत थांबून अंगावर पाणी घे आणि कुणाला तरी हाक मार.

पावसात पळायला फार सुंदर वाटतं, आणि पार्कात कुणी नसतं. पण फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तिथे चाल. साचलेल्या पाण्यात पाय घालू नकोस, मग ते घोट्याएवढं का असेना. खाली गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही हे पाण्यावरून कळत नाही. भिजलेल्या बुटांतली गादी बाहेर काढ, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, तासाभराने बदल आणि पंख्याखाली ठेव. कडक उन्हात किंवा गॅसजवळ वाळवलेला बूट आखडतो. रस्त्यावरून पळावं लागलं तर उजव्या कडेने पळ, म्हणजे समोरून येणारी गाडी तुला दिसते. कुत्रं अंगावर आलं तर पळू नकोस. थांब, त्याच्या डोळ्यांत बघू नकोस, सावकाश चालत बाजूला हो.

दुखण्यांत फरक करायला शीक. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या भरून आल्या असतील तर ते कष्टाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर त्याच क्षणी थांब. न थांबता वाढवलेल्या फेऱ्या माझ्या नडगीला किती महाग पडल्या ते वर लिहिलंच आहे. आठवड्याभराच्या विश्रांतीनेही राहिलं नाही तर डॉक्टरांना दाखव. तापात पळायचं नाही, ताप उतरल्यावरही दोन-चार दिवस नाही. आणि छातीत दाटलं, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, चक्कर आली, तर घरी येऊन पडायचं नाही. तिथूनच सरळ इस्पितळ गाठायचं.

खंड पडणारच. गणपती येतील, दिवाळी येईल, मुलांच्या परीक्षा येतील, तुझ्या ऑफिसचं काही येईल. आठवडा चुकला तर जिथे होतीस तिथून सुरू कर. दोन-तीन आठवडे चुकले तर तितकेच आठवडे मागे जा, आणि बुडालेले दिवस भरून काढायला दुप्पट पळू नकोस. मला सासूबाईंच्या आजारपणात चार महिने पळता आलं नाही. परत गेले तेव्हा आजोबांनी काही विचारलं नाही. पहिल्या झाडाकडे बोट दाखवलं फक्त, आणि माझ्याबरोबर चालायला लागले.

सलग अर्धा तास पळता आलं की आनंदाच्या भरात एकवीस किलोमीटरला नाव घालू नकोस. तुझ्या ऑफिसातले लोक घालतील, टी-शर्ट आणि पदकांचे फोटो दाखवतील. तू पार्काच्या चार फेऱ्या आणि वर थोडं, म्हणजे पाच किलोमीटर, तीन-चार महिने निवांत पळत राहा. मग दहा. अर्ध्या मॅरेथॉनचा विचार दुसऱ्या वर्षी. मी पहिली अर्धी मॅरेथॉन चौथ्या वर्षी पळले. परतले तेव्हा आजोबा कट्ट्यावरच होते. मी पदक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, माझ्या डाव्या नडगीवर अंगठा दाबून बघितला, दुखत नाही म्हटल्यावर पदक माझ्या गळ्यात परत घातलं.

येत्या मंगळवारी पहाटे साडेपाचला मी उद्यान गणेश मंदिराच्या बाजूला उभी असेन. जुने का होईना, पायाला बसणारे बूट घालून ये. पाण्याची बाटली मी आणते. पहिले तीन आठवडे आपण दोघी नुसत्या चालू. बाराचा पाढा येतो ना अजून? नसेल येत तर तेवढा पाठ करून ठेव.

तुझी आत्या